लढाईआधीचं गाऱ्हाणं

आमच्या चारकोपच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणारे परबकाका कॉम्प्युटरवर लढाई सुरू करण्याआधी गाऱ्हाणं घालतात. कोकणात कामाला हात घालण्याआधी देवाला घालतात, अगदी तसंच. पडद्यासमोर हात जोडून, डोळे मिटून. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान उत्तरेच्या किल्ल्यार चाल केल्यान हा, तेका यश दी रे म्हाराजा!" मग एक डोळा उघडून ते माझ्याकडे बघतात आणि मी म्हणतो, "व्हय म्हाराजा."

मी सांगोल्याचा. आमच्याकडे ही पद्धत नाही. शिवाय मी दिवसभर दिंडोशीच्या कोर्टात फायली हलवून आलेला असतो. पण कुणी 'व्हय' म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही, असं काकांचं म्हणणं.

नाही म्हणणं मला जमत नाही. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. नोकरीच्या मुलाखतीसाठी मुंबईत आलो तेव्हा ओळखीच्या ओळखीने काकांच्या हॉलमध्ये आठ दिवस झोपलो. मुलाखतीच्या सकाळी माझ्या शर्टाला इस्त्री त्यांनी केली. तेव्हापासून ते मला 'ग्रॅज्युएट' म्हणतात आणि मी त्यांच्या सैन्यात आहे.

खेळ जुन्या राजवटींचा. गावं वसवायची, किल्ले बांधायचे, शेजाऱ्याशी तह नाहीतर लढाई. आतापर्यंत त्याचे पाच भाग आले. पाचही काकांकडे आहेत आणि प्रत्येकाबद्दल तक्रार आहे. तिसऱ्यात हत्ती वळत नाहीत. चौथ्यात प्रधान फार बोलतो. मी थकून भिंतीला टेकतो, तरी हत्ती संपत नाहीत.

पण खरा डाव दुसऱ्या भागातला. तो सहा वर्षं चाललाय. त्यात शेजारचं राज्य कांबळ्यांचं. काका आणि कांबळे इथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटीत एका वर्कशॉपमध्ये शेजारशेजारच्या लेथवर होते. निवृत्तीनंतर दोघं एकाच कॉम्प्युटरपुढे दोन खुर्च्या टाकून बसायचे. आळीपाळीने एकेक चाल. काका किल्ले बांधायचे, कांबळे विहिरी खणायचे. "लढून काय करतोस परब, आधी लोकांना पाणी दे," हे त्यांचं ठरलेलं. तेव्हा 'व्हय' म्हणायचं कामही त्यांचंच होतं. कांबळे बौद्ध, देव मानत नाहीत. त्यावर ते म्हणायचे, "देवाला नाही रे, तुला व्हय म्हणतोय."

पुढे कांबळे मुलीकडे लातूरला गेले आणि 'व्हय' म्हणायचं काम माझ्याकडे आलं. तरी कांबळे दर रविवारी रात्री फोनवर चाल सांगायचे. बहुतेक वेळा विहीरच.

मध्यंतरी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली. ऐकू येतं, समजतं, पण शब्द निघत नाही. त्यांची चाल अडली आणि डावही अडला. पाच रविवार काका नुसते पडद्याकडे बघत बसले. मी म्हटलं, त्यांचं राज्य कॉम्प्युटरला चालवू द्या, तसं बटण आहे.

"ग्रॅज्युएट, ता बटण माणूस गेल्यावर दाबतत," काका म्हणाले. "तो आसा."

सहाव्या रविवारी त्यांनी लातूरला फोन लावला. तिकडे मुलीने आपला फोन कांबळ्यांच्या कानाशी धरला. इकडे काकांनी आपला टेबलावर ठेवला, स्पीकर लावला आणि हात जोडले. मला वाटलं, तब्येतीसाठी गाऱ्हाणं असेल.

"बा कांबळे म्हाराजा, तुझ्या फौजेन परबाच्या किल्ल्यार चाल करूची काय रे म्हाराजा?"

सवयीने माझं तोंड उघडलं. काकांनी हाताने मला थांबवलं.

"धान्याचा कोठार बांधूचा काय रे म्हाराजा?"

पलीकडचा पंखा तेवढा ऐकू येत होता.

"मगे विहीर खणूची काय रे म्हाराजा?"

मग जड, अडखळता आवाज आला. "व्ह... व्हय."

काका उठले आणि कांबळ्यांच्या खुर्चीत बसले. त्या खुर्चीत मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. विहिरीला जागा सापडेना, सगळीकडे आधीच विहिरी होत्या. शेवटी एका टेकडीमागे खणली. मग स्वतःच्या खुर्चीत परत आले, चष्मा सारखा केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"जा ग्रॅज्युएट, घराक जाऊन झोप. व्हय म्हणणारो इलो."