हसण्यास सक्त मनाई

जुनी ध्वनिफीत ऐकण्याचा निर्णय मी गेल्या मंगळवारी दुपारी, चहापूर्वी घेतला. निर्णय लहान होता. (त्याहून मोठे निर्णय घेण्याचा अधिकार मला या घरात आता उरलेला नाही.)

पत्नी सुलभा जाऊन तीन वर्षे झाली. तिची छायाचित्रे पुष्कळ आहेत. सर्वांत ती, मी शिकविल्याप्रमाणे, तोंड मिटून ताठ उभी आहे. तिचे हसणे मात्र कोठेच नाही. असलेच तर या एका फितीत.

पस्तीस वर्षांपूर्वी दूरदर्शनवर शनिवारी रात्री साडेदहाला एक विनोदी मालिका लागत असे. डोणगावात आमच्या आळीत संच फक्त आमच्याकडे. शेजारच्या कलाबाई भुईमुगाच्या शेंगा घेऊन येत. मी सातवी उत्तीर्ण, परंतु ग्रंथालयात लिपिक; उत्तम संवाद जतन व्हावेत म्हणून टेपरेकॉर्डर संचासमोर ठेवीत असे आणि ध्वनिमुद्रण चालू असता हसण्यास सक्त मनाई करीत असे. दोघी तोंडात पदर कोंबून बसत. शेंगा फोडण्यासही परवानगी नव्हती.

"आबा, लाल बटण दाबू नका," नात अनुपमा म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. यंत्राची माहितीपुस्तिका मी संपूर्ण वाचली आहे, असे मी तिला सुनावले. (नंतर ती खात्रीसाठी पुन्हा मोठ्याने वाचली, आणि तेवढा वेळ लाल बटण दाबलेले होते.) फितीचा सुरुवातीचा भाग पुसला जाऊन तेथे 'यंत्र ओलाव्यापासून दूर ठेवावे' हे वाक्य माझ्या शुद्ध उच्चारांत कायम झाले.

अनुपमा रागावली नाही. ते अधिक लागले.

उरलेला भाग तिने लावला. खरखर, नटांचे बोलणे, मग माझा आवाज: "शांतता राखा." थोड्या वेळाने पुन्हा तेच. मग पुन्हा. सुलभा कोठेच नव्हती. तिचे हसणे मी स्वतःच, अत्यंत काटेकोरपणे, होऊ दिले नव्हते. चहा निवला.

तोच फितीत चित्र गेल्याची कुरकुर ऐकू आली. अँटेना फिरविण्यात आळीत माझा हात धरणारा कोणी नव्हता, असे माझे आजवर मत होते. जिन्यावर माझी पावले वाजली. गच्चीवरून माझी हाक आली, "आलं का?"

"आलं वं बाई, चकाचक आलं," कलाबाई म्हणाल्या.

"चूप बस वं," सुलभा कुजबुजली, आणि मग मोठ्याने, "नाही आलं हो. अजून जरा मारुतीच्या देवळाकडे फिरवा."

आणि ती हसली. पंधरा दिवसांनी नळाला पाणी यावे तशी. आधी अडखळत, मग धो धो.

"एवढ्या थंडीत भाऊजीले काऊन छळून राह्यली वं?"

"खाली आले का हसू देत नाहीत ना. राहू दे वर अर्धा घंटा."

शेंगा फुटल्याचे आवाजही स्पष्ट आले आहेत. अनुपमा पोट धरून हसत होती. मी तिला शांतता राखण्यास सांगितले नाही.

सायंकाळी मी गच्चीवर गेलो. अँटेना केव्हाच मोडली, दांडी आहे. ती देवळाच्या दिशेने थोडी फिरविली आणि बराच वेळ उभा राहिलो. खालून "नाही आलं" असे कोणीच म्हणाले नाही.

त्याअर्थी चित्र स्पष्ट आले असावे.