सुभेदार आबांचं ठरलेलं जग

सुभेदार आबांची एसटी चुकली, तर ते कुणावर चिडत नसत. "ती चुकणारच हुती," म्हणत आणि स्टँडवरच्या बाकड्यावर खुशाल पाय पसरत. लष्करातून निवृत्त होऊन तासगावात आमच्या शेजारी राहिलेला हा माणूस. जगात जे घडतं ते आधीच ठरलेलं असतं, माणसाच्या हातात काही नसतं, हे त्यांचं ठाम मत.

एकदा कुणाच्या तरी म्हशीनं त्यांची मेथी फस्त केली. मालकाला घाम फुटला. आबा म्हणाले, "तिनं तरी काय करावं? तिला खायाचीच हुती."

मी विचारलं, "मग आबा, कुलूप लावल्यावर पुन्हा पुन्हा ओढून का बघता?"

"ओढायचंबी ठरलेलंच हाय की, पोरी!"

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरची गोष्ट. माझे यजमान ट्रॅक्टरनं द्राक्षं बाजारात नेत होते. आबांचा एकुलता एक मुलगा, सदा, मडगार्डवर बसला होता. उतारावर टायर फुटलं, ट्रॅक्टर उलटला. यजमान वाचले. सदा गेला.

यजमान भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. अन्नाला शिवेनात. सदाचा दहावा उरकून आबा सरळ आमच्या घरात आले. माझ्याकडून ताट मागून घेतलं आणि स्वतः भाकरी कुस्करली.

"ऊठ रं विठ्ठल. टायर फुटणारच हुतं. तू चालवला काय, मी चालवला असता काय, एकच. तुज्या हातात कायबी नव्हतं. जेव."

यजमान हंबरडा फोडून रडले. मग जेवले. माझा संसार त्या घासानं वाचला.

काही दिवसांनी मी ताक घेऊन गेले. आबांची बायको कधीच वारली होती. घरात ते एकटेच. सदाच्या चपला पुसत बसले होते.

"चालत निगाला हुता गं त्यो. मीच म्हटलं, ऊन लय हाय, ट्रॅक्टरवर बस. गप ऱ्हायलो असतो तर?"

"आबा, सगळं ठरलेलं असतं, तुम्हीच सांगता ना?"

"ते तुमच्यासाठी," ते हळूच म्हणाले.

ताक तिथंच ठेवून मी उठले. घरी येऊन यजमानांना सांगितलं. ते तसेच उठले, आबांच्या दारात जाऊन उभे राहिले.

"आबा, चला. आजपास्नं आमच्याकडं जेवायचं."

"कुणी ठरवलं रं?"

"आमी."

आबांनी चपलांवरून एकदा हात फिरवला. मग चपला कोनाड्यात ठेवल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.