पोरक्या गटांचा बंदोबस्त

"सोमवारी दुपारी दोन वाजता हे मशीन असं पळेल, की धरून ठेवायला दोन माणसं लागतील!" नलूताईंनी शनिवारीच जाहीर केलं होतं.

नलूताई मूळच्या सेलूच्या, शेतकऱ्याघरच्या. सत्याऐंशी साली वर्ध्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात संगणक शिकवणाऱ्या त्या एकट्याच. मशीन एक, पडदे आठ. पोरं कामं सुरू करायची, अर्ध्यात थांबवायची आणि पडद्याचं बटण बंद करून मेसकडे पळायची. मागं उरलेले कामांचे गट आतच पडून, लग्न आटोपल्यावरही मांडवात घोरणाऱ्या पाहुण्यांसारखे! त्यांना उठवणारं कुणी नाही, हाकलणारंही नाही. मशीन बिचारं कण्हत बसायचं.

नलूताईंनी महिनाभर खपून थेट कर्नेललाच, म्हणजे सगळ्या कामांना जागा आणि पाळी वाटणाऱ्या मूळ प्रोग्रामलाच, हात घातला. तीस ओळी लिहिल्या. ज्या गटाचा मालक पडद्यासमोरून उठून गेला तो पोरका, आणि पोरका तो साफ! मग पोरांसाठी व्हरांड्यातल्या फळ्यावर सूचना लिहिली : 'सोमवारी दोन वाजता सर्व पोरके गट काढून टाकण्यात येतील.'

ती वाचली हेडक्लार्क बंडोपंतांनी! जुने प्राचार्य नुकतेच निवृत्त झालेले, आणि बंडोपंत व त्यांचे चार कारकून कॉलेजभर 'जुन्या साहेबांचा गट' म्हणूनच ओळखले जात. सोमवारी पावणेदोनला अख्खा गट संगणकाच्या खोलीत हजर. चपला बाहेर काढून, पण आवाज चढवून!

"ताई, बावीस वर्षं झाली नोकरीले! साहेब गेले तं आम्ही पोरके? आमाले कोण काढते?"

"तुमाले नाई हो बंडोपंत! मशीनमधले गट!"

"मशीनमध्ये आमची नावं टाकली कोणी?"

गलका ऐकून नवे प्राचार्य प्रभाकरराव धावत आले. नलूताईंना उलट बरंच वाटलं. आयते प्रेक्षक! "थांबा सर, समोरच दाखवते," म्हणत त्यांनी दोनच्या ठोक्याला कळ दाबली.

"सत्तेचाळीस गट साफ!"

त्याच क्षणी कोपऱ्यात सकाळपासून कडकडणारा प्रिंटर गप्प झाला.

"नलूताई," प्रभाकररावांचा आवाज चिरकला, "निकाल छापला जात होता ना? चारला लावायचाय! बाहेर तीनशे पोरं उभी आहेत!"

नलूताई प्रिंटरकडे धावल्या. निकालाचं काम सकाळी त्यांनीच सुरू केलं होतं आणि ते आपलं आपण चालेल म्हणून पडद्यासमोरून उठून गेल्या होत्या. म्हणजे तेही पोरकंच!

"त्याचा मालक उठून गेलता सर... म्हणून काढलं त्याले," त्या पुटपुटल्या.

बंडोपंत उसळले. "पाहा! तेच तं सांगून राह्यलो! साहेब नाई, पण काम करून राह्यलो ना आम्ही? बसून राह्यला त्याले काढा! करून राह्यला त्याले काऊन काढता?"

नलूताईंनी खुर्ची ओढली.

"बंडोपंत, पुन्हा बोला!"

"काऊन? लिहून घेता का माह्यावर?"

"लिहूनच घेते!" म्हणत त्या बसल्याच. गट पोरका असेल आणि थांबलेलाही असेल, तरच हाकला. एवढी एकच अट! कर्नेल नव्यानं बांधायला चाळीस मिनिटं लागली. मशीन उठलं. नलूताईंनी उरलेला निकाल पुन्हा छापायला लावला आणि मुद्दाम पडद्यासमोरून उठल्या. पोरांनी नव्यानं अर्धवट टाकलेली कामं गेली आणि प्रिंटर मात्र कडकडत राहिला! बंडोपंतांचा गट कागद फाडून गठ्ठे लावत होता. चारला पाच कमी असताना शेवटचं पत्रक निघालं. नलूताईंची मान अशी ताठ, की पदर सारखा करायलाही खाली वाकेना!

प्रभाकररावांनी त्याच दिवशी वरच्या कार्यालयाला कौतुकाचं पत्र धाडायला सांगितलं. बंडोपंतांनी मन लावून लिहिलं : 'नलूताईंनी स्वतःच्या बुद्धीने संगणकाची आतून संपूर्ण सफाई केली आहे. यथायोग्य गौरव व्हावा.'

महिन्याने उत्तर आलं. नलूताईंनी सगळ्या स्टाफसमोर पाकीट फोडलं आणि मोठ्यानं वाचलं : 'सफाईकामी मंजूर. लांब दांड्याचे झाडू, दोन नग.'

नलूताईंनी कागद उलटून मागची बाजूही पाहिली. बंडोपंत तेवढे खुशीत होते.

"पाहा ताई! मी 'आतून' असं साफ लिहिलं होतं, म्हणून तं लांब दांड्याचे देले!"