कारभाऱ्यांच्या शंकूवर बाईसाहेबांचे नाव चढले ते वर्तमान

श्रीसूर्यदेव समर्थ. नदीमाईस नमन, तिच्या गाळास नमन. थोरले महाराज सिंहासनी बसल्यास नववे वर्ष, महापुराचा मास, ते समयी नदीकाठच्या राज्यात वर्तमान जाहले ते ऐसे जे, नेबसेनी म्हणोन सरकारी धान्यकोठ्यांचे कारभारी, बहुत मातबर आणि पदव्यांचे भारी हौशी. त्यांणी हयातीतच डोंगरात आपले थडगे खोदविले. आणि राज्याची चाल ऐसी की, थडग्याचे दारावर मातीचे शंकू ओळीने बसवावे, टोक भिंतीत आणि बूड बाहेर, आणि बुडावर धन्याचे नाव ठशाने उठवावे. मग येणारा जाणारा नाव वाचील, आणि ज्याचे नाव त्यास परलोकी भाकर पोहोचेल. कारभाऱ्यांनी पाहेम कुंभारास बोलावून ठसा कोरविला: धान्याचे धनी, दोन्ही तीरांचे मापारी, महाराजांचे डावे बाजूचे पंखाधारी, सरकारी हंसांचे निरीक्षक, आणि तळाशी नेबसेनी. आणि शंकू भाजून तयार जाहले, आणि कारभारी संतोष पावले, आणि कुटुंबास घेऊन पाहावयास आले.

कुटुंबाचे नाव हेनुतनेफरेतबाई, बापाने हौसेने ठेविलेले, लांबलचक. बाईंनी एक शंकू उचलिला, मग दुसरा उचलिला, आणि पुसिले की आमचे नाव कोठे. कारभारी बोलिले की जागा पुरली नाही, बूड ते केवढे, तळहाताएवढे. बाई हसल्या, परंतु ते हसणे बरे नव्हते. म्हणाल्या, "आपणांस भाकर येईल, आणि मी शेजारी बसून आपले तोंड पाहीन होय? मी बापाच्या थडग्यात निजेन." आणि आपली पेटी, आरसा आणि उशी माहेरी रवाना केली.

मग कारभाऱ्यांचा धीर सुटला. परलोक म्हणजे दोन दिवसांचा मुक्काम नव्हे, आणि तेथे बाईंवाचून बोलावे कोणाशी, हे आजवर त्यांचे ध्यानीच आले नव्हते. धावत कुंभाराकडे गेले आणि नवा ठसा मांडविला. हंस खोडिले, फारसे दुःख जाहले नाही. पंखा खोडिला, तेव्हा डोळे पुसिले. मग धान्यही गेले, तरी बाईंचे नाव मावेना. पाहेम काकुळतीस येऊन म्हणाला, "मापारी तरी राहू द्या, सरकार. लोक आपणांस ओळखतील कसे?"

कारभारी बोलिले, "बाईंचा म्हणून ओळखतील."

मग ठसा उठला तो ऐसा: हेनुतनेफरेतबाई, आणि त्यांचे नेबसेनी. वार्ता माहेरी पोहोचली, आणि बाई आल्या, आणि अक्षरांवरून बोट फिरविले, आणि हसल्या, आणि हे हसणे बरे होते. मग बाह्या सारून दोघे ओल्या मातीवर ठसे उठवीत बसले, आणि गावकरी जवाची दारू घेऊन आले, आणि मोठा आनंद जाहला. पुढे सर्व कारभाऱ्यांच्या बायका कुंभाराचे दारी येऊ लागल्या, आणि एके सकाळी खुद्द महाराणीसाहेबांची पालखी येऊन उतरली. महाराजांच्या किती पदव्या खोडिल्या, ते लिहिण्याची आम्हांस आज्ञा नाही.

सारांश, दारावर दोन्ही नावे आहेत, दोघांस भाकर पोहोचते. बाई बोलतात, आणि कारभारी ऐकतात. इतकी हकीकत.