राळ्याची उशी

बसवंतनं टेबलफॅन खिडकीत ठेवला आणि तिथून सगळी भानगड सुरू झाली.

बिचाऱ्याचा हेतू चांगला होता हो. दुष्काळाचं साल. उदगिरात टँकरचा हॉर्न वाजला की बायको शिवकांता आणि आई गौरम्मा घागरी घेऊन पळायच्या, आणि चार महिन्यांचा चन्नू बसवंतच्या ताब्यात यायचा. बसवंतचं बियाण्याचं दुकान. पण आभाळात ढग नाही, तर बी घेणार कोण? लोक यायचे, बाकड्यावर बसायचे, "उदगीर जिल्हा कधी व्हायचा?" एवढं विचारून चहा पिऊन जायचे. (हा प्रश्न त्या बाकड्यावर बसवंतच्या वडिलांच्या काळापासून बसलेला होता.) म्हणून दुपारी बसवंत घरीच. पोराला पाळण्यात उताणं टाकायचं, फॅन सुरू करायचा आणि आपण खाली चटईवर घोरायचं. चन्नू त्या गरगरणाऱ्या पात्यांकडे टक लावून पडून राहायचा. रडणं नाही, किरकिर नाही.

"पोर सांभाळणं म्हंजे काय अवघड हाय?" असं तो चारचौघांत सांगायलाही लागला होता.

एक दिवस शिवकांता पोराच्या टाळूला तेल घालत होती. तिचा हात मध्येच थांबला.

"ओ, इकडं या जरा. हात लावून बघा."

चन्नूचं डोकं मागून उजवीकडं चपटं झालं होतं. फॅनही उजवीकडंच होता.

"पंधरा दिवसांवर जावळ आलंय!" शिवकांताच्या डोळ्यांत पाणी आलं. "केस हायेत तवर झाकलंय. एकदा वस्तरा फिरला की उघडं पडंल. आप्पा येणारेत, त्यास्नी काय सांगू मी?"

आप्पा म्हणजे बसवंतचे सासरे संगप्पा, चाकूरचे. मागच्या वर्षी त्यांनी मोठ्या विश्वासानं जावयाच्या दुकानातलं सोयाबीन पेरलं. एक दाणा उगवला असेल तर शपथ. बसवंत म्हणाला, "मामा, बी चोख होतं, पाणी कमी पडलं." तेव्हापासून संगप्पा भेटले की पहिला प्रश्न ठरलेला, "बाकी जावईबापू, बी काय म्हणतंय?" आणि आता हा आणखी एक नग, तोही जावयाच्या हातचा. नाही, डोकं गोल झालंच पाहिजे!

डॉक्टरांनी पोराला उलटंसुलटं करून तपासलं. "घाबरू नका. जागा असला की पोटावर खेळवा. पाळण्यात आज डोकं या टोकाला, तर उद्या त्या टोकाला करा. उशी-बिशी नको. येईल जागेवर."

गोळी नाही, सुई नाही. बसवंतला फसवल्यासारखं वाटलं.

गौरम्माला तर उशी नको म्हणणारा डॉक्टरच पटला नाही. बारशाला चाकूरहून राळं आलं होतं. तिनं जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्यात ते बारीक पिवळं धान्य भरलं आणि उशी शिवली. "राळ्यावर डोकं आपोआप गोल व्हतंय. आमच्या घरातली समदी डोकी ह्याच्यावरच घडलीत."

आणि बसवंतला मोबाईलवर तिसराच इलाज सापडला. क्रेनिओसेक्रल थेरपी, म्हणजे नुसत्या हातानं डोकं ठीक करायचं! पुण्याच्या एक मॅडम लातूरला यायच्या म्हणे. एसटीनं सगळं बिऱ्हाड लातूरला गेलं. मॅडमनी चन्नूला गादीवर निजवलं, दोन बोटं त्याच्या डोक्याखाली सरकवली आणि डोळे मिटले. बराच वेळ गेला.

"सुरू कवा करणार?" गौरम्मानं विचारलं.

"झालं की आजी."

"अय्यो शिवा! ह्यांनी तर काहीच केलं न्हाई!"

मॅडम हसल्या. "दाबायचं नसतं. बोटं नुसती टेकवायची. आत फार हळू हालचाल असते, ती ऐकायची. आपलं मन शांत असलं की आतून काहीतरी उमलतंय असं वाटतं. तुम्ही घरीही करून बघा."

एवढं ऐकलं मात्र, बसवंतच्या अंगात मॅडमच शिरल्या. रोज दुपारी चन्नू झोपला की हा त्याच्या डोक्याखाली दोन बोटं सरकवून, डोळे मिटून बसायचा. डॉक्टरांचंही तो इमानानं पाळत होता. एक दिवस पोराचं डोकं इकडं, दुसऱ्या दिवशी तिकडं. फक्त पोरगं फिरवताना उशी फिरवायची असते, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. उशी होती तिथंच. म्हणजे एक दिवस ती चन्नूच्या डोक्याखाली, आणि दुसऱ्या दिवशी... आता सांगायला पाहिजे का? पोरगं तब्येतीनं चांगलं होतं. दिवसभर धार चालू असायची. गौरम्मा म्हणायचीही, "बसू, पाळण्याला कसला वास यायलाय रे?" बसवंत म्हणायचा, "अव्वा, थेरपी सुरू हाय, बोलू नगं."

जावळाच्या आदल्या दुपारी उशी डोक्याखाली होती आणि तो असाच डोकं आणि उशी यांच्यामध्ये बोटं सरकवून बसला होता. आणि बोटांना काहीतरी लागलं. बारीक. गुदगुल्या झाल्यागत. खालून वर येणारं.

"शिवकांता! अगं उमललं! मला लागलं, अगदी मॅडम म्हणल्या तसं!"

"काय उमललं?"

"आतलं! लई हळू वर यायलंय बघ!"

फॅनचं पाप फिटलं एकदाचं. शिवकांताही हसली. लई दिवसांनी हसली.

सोमवारी जावळ. मठपतींनी मंत्र म्हटले. चन्नूला मामा नव्हता, म्हणून आजोबाच मांडी घालून बसले. न्हाव्यानं वस्तरा फिरवला. केस गळत गेले तसा बसवंत जवळ सरकत गेला. डोकं उघडं पडलं. मागं थोडंसं चपटं होतंच. संगप्पांनी त्यावर हात फिरवला.

"दबलंय जरा. लेकराचं डोकं हाय, व्हईल गोल." आणि पोर वळवळायला लागलं तसं म्हणाले, "उशी आणा रे, मानंखाली धरतो."

बसवंत धावत जाऊन उशी घेऊन आला. सगळे बघतच राहिले. उशीवर बोटाच्या पेराएवढं हिरवंगार राळं उगवलं होतं.

"जावईबापू," संगप्पा म्हणाले, "जावळ कुणाचं काढायचं? पोराचं का उशीचं?"

अंगणात हशा पिकला. न्हावी हातातला वस्तरा बाजूला ठेवून हसत होता. शिवकांतानं पदर तोंडात कोंबला, गौरम्मा कपाळावर हात मारून म्हणाली, "तरीच वास!" दुष्काळात साऱ्या तालुक्यात हिरवं पान नव्हतं, आणि बसवंतच्या घरी उशीला पीक आलं होतं. त्याला मेल्याहून मेल्यागत झालं. पण तो शेवटी बियाण्याचा व्यापारी. कोंब बघून त्याच्या डोक्यात दिवा पेटला.

"बघा मामा! मी मागच्या वर्षी काय म्हणत होतो? बी चोख असतंय, पाणी लागतंय पाणी! पाणी मिळालं, उगवलं का न्हाई?"

संगप्पांनी मान हलवली. "राळं तर माझ्याच शेतातलं हाय. पण बोलणं रास्त हाय तुमचं. मग बघूनच घेऊ. तुमच्या दुकानातलं सोयाबीन आणा."

गौरम्मानं उशी उसवली, धुतली. अर्ध्यात नवं राळं, अर्ध्यात जावयाचं सोयाबीन भरलं. डोक्याखाली आता उशी नाही, डॉक्टरांचंच खरं. ती फक्त पायाकडं. पाणी नातवाचं. संगप्पा मुक्कामालाच राहिले, आणि फॅनची भानगडही त्यांच्या कानावर गेली. "सरकारचा टँकर आठवड्याला एकदा," ते पाळण्यापाशी बसून म्हणायचे, "आमचा रोज!"

पुढच्या सोमवारी उशी सगळ्यांसमोर फाडली. राळ्याकडून हिरवे कोंब भसकन बाहेर आले. सोयाबीन फुगलं होतं, मऊ पडलं होतं, वास मारत होतं. कोंब एकालाही नव्हता.

बसवंत एकेक दाणा उलटून बघत होता.

"पाणी कमी पडलं म्हणू नका," संगप्पा म्हणाले, "नातवानं कसूर केली न्हाई."

एसटीला निघताना त्यांनी "बी काय म्हणतंय" विचारलं नाही. चन्नूचं डोकं कुरवाळलं, आणि मग पाया पडायला वाकलेल्या जावयाच्या डोक्यावरही मागून-पुढून नीट हात फिरवला.

"विहीणबाई, ह्यांच्या लहानपणी तुमचा फॅन कुण्या बाजूला होता?"

"फॅन कुठला अण्णा?" गौरम्मा सुस्कारा टाकून म्हणाली. "बाहेरनं तर मी राळ्यावर घालून गोल केलतं. आतलं काय माझ्या हातात होतं?"