धनेशरावांची हरकत

एका जंगलाच्या ऐन मधोमध, मुलांनो, एक भलाथोरला वड होता. वर माकडं, मध्ये पाखरं, मुळांशी ससे आणि सावलीत दिवसभर चकाट्या पिटणारी रिकामटेकडी मंडळी. निम्म्या जंगलाचं पोट त्याच्या फळांवर भरायचं. थोडक्यात, जागा मोक्याची होती.

त्या वडाच्या ढोलीत धनेशरावांचा संसार होता. धनेश म्हणजे तो मोठ्या चोचीचा पक्षी. त्यांच्यात रीतच अशी, की अंडी घालायची वेळ आली की बाईनं ढोलीत शिरायचं आणि दार चिखलानं लिंपून घ्यायचं. एक फट तेवढी ठेवायची. पिल्लं मोठी होईपर्यंत नवऱ्यानं त्या फटीतून फळं भरवायची. धनेशराव अगदी इमानेइतबारे भरवत होते.

एके दिवशी तरसशेठ आले. वड पाडून तिथं टोलेजंग वारूळ बांधायचं, असा त्यांचा प्रस्ताव होता.

“प्रत्येकाला स्वतंत्र भोक! चोवीस तास अंधार!” तरसशेठ हसत म्हणाले. तरस हसतातच, त्यात त्यांचा दोष नाही.

धनेशराव ढोलीसमोर आडवे आले. “आमची मंडळी आत बंद आहे. पिसं झडलीत तिची, उडता यायचं नाही. आमची हरकत आहे!”

“असायलाच हवी,” तरसशेठ म्हणाले. “सगळ्यांच्या हरकती ऐकल्याशिवाय आमचं कुणी वडाला बोटसुद्धा लावणार नाही. सुनावणी घ्या. सोय तुमची तुम्हीच बघा.”

जंगल खूश झालं. लगेच वड बचाव समिती स्थापन झाली. धनेशरावांचा आवाज मोठा, म्हणून ते अध्यक्ष.

पहिल्याच सभेत धनेशराव बोलायला उभे राहिले, तर पारंब्यांमुळे मागच्या हरणांना ते दिसेनात. “अध्यक्ष दिसत नाहीत!” हरणं ओरडली. आता अध्यक्ष दिसत नाहीत म्हणजे काय? समितीनं पारंब्या तोडल्या.

दुसऱ्या सभेत फांदीवरच्या कावळ्यानं प्रमुख पाहुण्यांच्या फेट्यावर नको ते केलं. समितीनं फांद्या उतरवल्या. मग डोक्यावर ऊन तापू लागलं, म्हणून मांडव घालायचं ठरलं. मांडवाला लाकूड लागतं. ते आयतंच पडलेलं होतं.

“अहो,” फटीतून बायको म्हणाली, “आज घर फार हललं. आणि फळंही कमी आणलीत.”

“लढा जोरात आहे,” धनेशराव म्हणाले. “तू निर्धास्त राहा. तुझ्यासाठीच चाललंय सगळं.”

खरंच, मुलांनो, फार जीव होता त्यांचा तिच्यावर. पण गळ्यात सत्काराचा हार होता आणि फटीशी वाकलं की तो चुरगळत होता. म्हणून ते लवकर निघाले.

मोठ्या सुनावणीच्या आदल्या दिवशी लक्षात आलं, की मांडवाच्या मध्यभागी नेमका बुंधा येतोय. कुठूनच व्यासपीठ दिसेना.

“मग मांडव हलवा,” एक म्हातारं कासव म्हणालं.

सगळे हसले. मांडव हलवायचा म्हणजे पुन्हा खड्डे खणा, पुन्हा झालरी लावा! त्यापेक्षा वड हलवणं सोपं.

धनेशराव चरकले. “पण त्यात आमची मंडळी आहे!”

“ढोलीला अजिबात धक्का लावायचा नाही,” समितीनं एकमतानं ठराव केला. “आजूबाजूचं तेवढं काढायचं.”

आजूबाजूचं म्हणजे वड. हत्तींनी तो ढकलला. सुतारपक्ष्यांनी ढोलीचा तुकडा बरोब्बर कापला, तासून गुळगुळीत केला आणि व्यासपीठावर उभा केला. अध्यक्षांना बोलताना पुढ्यात काहीतरी लागतंच. आता बायकोलाही भाषण जवळून ऐकता येईल, या विचारानं धनेशरावांना भरून आलं.

सुनावणीला सगळं जंगल लोटलं. धनेशरावांनी बायकोमुलांवर पंख आपटत गर्जना केली, “या वडाच्या पानालाही आम्ही हात लावू देणार नाही!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतले तरसशेठ उभे राहिले. “हरकत मान्य!” ते म्हणाले. “शब्द देतो, मी वड पाडणार नाही.” आणि ते हसले.

माकडांनी गुलाल उधळला. तेवढ्यात व्यासपीठावरून, अगदी पुढ्यातून, बारीक आवाज आला.

“अहो, पिल्लं भुकेली आहेत. हात वर करून दोन फळं तेवढी तोडून द्या ना.”

धनेशरावांनी वर पाहिलं. वर मांडवाची झालर होती.

“अहो, ऐकलंत का?”

पण तोवर माकडांनी त्यांना खांद्यावर उचललं होतं आणि विजयाची मिरवणूक निघाली होती.

तात्पर्य : सुनावणीला जाताना मांडव, हार आणि टाळ्या यांची चोख व्यवस्था असावी. घराचा विषय भाषणात येतोच.