शून्याचा चौकोन

टेसाने ड्रोन दारासमोरच्या हिरवळीवर ठेवला, बॅटऱ्या तिसऱ्यांदा तपासल्या आणि फोनवरचा नकाशा मोठा करून पाहिला. विमानतळाजवळचं आकाश नकाशावर चौकोनांत वाटलेलं असतं, आणि किती फुटांपर्यंत उडायचं तो आकडा प्रत्येक चौकोनात लिहिलेला असतो. तिने परवानगी काढली होती ती पत्ता टाकून, आणि पत्ता असतो दाराचा. दारासमोर शंभर फूट होते. दोन चौकोनांमधली रेघ मात्र एल्डन ब्रँडवोल्ड यांच्या स्वयंपाकघरातून गेली होती, आणि पलीकडे परसात होतं शून्य.

एल्डनना फोटो हवा होता परसातल्या गुलाबांचा, उंचावरून दिसतात तसा. त्यांच्या बायकोने, मर्लिसने, लावलेले. ती जाऊन दोन वर्षं झाली होती. शनिवारी चाव्या नव्या मालकाला द्यायच्या होत्या, आणि त्याला त्या जागी पोहायचा तलाव हवा होता.

शून्याच्या चौकोनासाठी वेगळा अर्ज लागतो आणि उत्तर यायला आठवडे जातात, हे टेसाने चाचरत सांगितलं. एल्डन निवांत होते. तीस वर्षं त्यांनी त्याच विमानतळाच्या टॉवरमध्ये बसून वैमानिकांना हो-नाही सांगितलं होतं. शेवटी तर तिथले प्रमुख होते.

"थांब पोरी. वेंडेलला फोन लावतो. माझ्या हाताखाली शिकलाय, आता टॉवर तोच बघतो."

वेंडेलने आधी त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली. मग चौकोनाचा क्रमांक विचारला, कारण विचारलं, आणि अगदी नम्रपणे नाही म्हणाला. एल्डननी त्याला आपल्या निवृत्तीच्या जेवणाची आठवण करून दिली. त्या दिवशी भाषण वेंडेलनेच केलं होतं, डोळे पुसत.

"सर, तुम्हीच म्हणायचात," वेंडेल म्हणाला, "ओळखीच्या माणसाला नाही म्हणता येत नसेल, तर खुर्ची सोडावी. मी अजून खुर्चीत आहे."

"पण धावपट्टी इथून दोन मैल लांब. तिथे शून्य घातलं कोणत्या शहाण्याने?"

पलीकडे बराच वेळ कागद चाळले गेले.

"सर, सही तुमची आहे."

एल्डननी फोन खिशात ठेवला. शंका आली की आपण शून्य लिहायचो, असं ते टेसाला म्हणाले. शून्याबद्दल कधी कुणी जाब विचारत नाही. मग थोडं थांबून, काहीशा अभिमानाने म्हणाले, "पोरगा मात्र तयार केलाय मी चांगला."

टेसाला रिकाम्या हाताने परत जाववेना. तिने ड्रोन पुढच्या अंगणावरून सरळ वर नेला, रेघेच्या अलीकडेच ठेवला आणि कॅमेरा छपरापलीकडे कलता केला. पडद्यावर सगळं छप्पर, आणि त्याच्या मागे गुलाबांची बोटभर लाल पट्टी.

एल्डन वाकून बघत राहिले. "मर्यादा किती?"

"शंभर."

"आत्ता किती आहे?"

"अठ्ठ्याण्णव. जरा राखून ठेवलेलं बरं असतं."

"कुणासाठी?"

टेसाने अंगठा हलवला. लाल पट्टी किंचित रुंद झाली.

"बस," एल्डन म्हणाले. "टॉवरच्या काचेतून इतकीच दिसायची. लाल रंग मर्लिसने त्यासाठीच तर निवडला होता."